चित्रातल्या माणसाचं नाक गेलं कुठे? अतिवास्तववादी मानवाकृतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये चित्रप्रदर्शनाला येणारे लोक, चित्रकलेच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे पालक आणि कलाशाखेचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपं आधी, गुंत्याचं नंतर. जिथे एकच मुद्दा दोनदा सांगावा लागला असता, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अतिवास्तववादी चित्र म्हणजे शेवटी अमूर्त चित्रच ना?

नाही. अतिवास्तववाद ही चळवळ आहे. ती पॅरिसमध्ये सुरू झाली आणि फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँने तिचा जाहीरनामा १९२४ मध्ये लिहिला. स्वप्नं, योगायोग, मनात आपसूक उमटणाऱ्या प्रतिमा यांच्यावरचा तर्काचा पहारा उठवायचा, हा तिचा हट्ट. अमूर्तीकरण ही मात्र रीत आहे: दिसणाऱ्या गोष्टीतलं काही गाळायचं, काही ताणायचं, काही नुसत्या खुणेवर भागवायचं.

वारली चित्रातला माणूस डोळ्यांपुढे आणा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोळा, हातापायांच्या काड्या. नाक, वय, कपडे सगळं गाळलेलं, तरी तो माणूसच. हे अमूर्तीकरण झालं. आता त्या गोळ्याच्या जागी किटली ठेवा आणि खालच्या त्रिकोणाला एक किलकिलं दार लावा. तुम्ही अतिवास्तवाच्या अंगणात आलात.

भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची नंतरच्या काळातली चित्रं मात्र या दोन्हींच्या पलीकडची आहेत. त्यांत माणूस शोधत बसू नका, तो तिथे नाही.

२. डालीची वितळलेली घड्याळं आणि मिरोचे ठिपके-रेघोट्या एकाच नावाखाली कसे येतात?

चळवळ एक, वाटा दोन. साल्वादोर डाली अशक्य गोष्ट फोटोइतकी घोटून रंगवतो. त्याचं घड्याळांचं प्रसिद्ध चित्र १९३१ चं आहे आणि अवघं २४ × ३३ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहून थोडं मोठं. पोस्टरवर पाहून ते भिंतभर असेल असं वाटतं. जुआन मिरो (१८९३–१९८३) आकारच मोडतो. त्याचा माणूस म्हणजे कधी एक रेघ, एक डोळा आणि एक भलंमोठं पाऊल. पुढची बहुतेक उत्तरं या दुसऱ्या, खेळकर वाटेबद्दल आहेत, कारण प्रश्नही तिच्याबद्दलच जास्त येतात.

३. अशा चित्रासमोर उभं राहून नेमकं करायचं काय?

दहा मिनिटं काढा. प्रदर्शनात चाळीस चित्रं असतील तर तीन निवडा, बाकीची चालता चालता पाहा.

पहिली दोन मिनिटं तीन-चार पावलं लांब उभे राहा आणि नावाची पट्टी वाचू नका. नजर आधी कुठे जाते आणि कुठून बाहेर पडते एवढंच बघा. मग अंगाचा ओळखू येणारा एक भाग शोधा: डोळा, बोट, पाऊल, मिशी, काहीही. ही तुमची खुंटी. चित्रकाराने ती बहुधा मुद्दाम ठेवलेली असते, कारण ती नसेल तर बाकीचा आकार अंग म्हणून वाचताच येत नाही.

खुंटी सापडली की स्वतःला चार गोष्टी विचारा. काय जागच्या जागी ठेवलंय? काय हलवलंय? कशाचं माप बदललंय? काय गाळलंय? या खेळकर चित्रांची खरी किल्ली इथे आहे. मुलांच्या खेळाला जसे नियम असतात तसे चित्रालाही असतात, आणि ते या चार उत्तरांतून हाती लागतात. मग हातभर अंतरावर जा आणि कडा बघा: रेघ एका दमात ओढली आहे की पुन्हा पुन्हा दुरुस्त केली आहे, रंग कडेला नेमका थांबतो की ओघळतो. शेवटी पट्टी वाचा आणि पुन्हा मागे या.

बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्या दहा सेकंदांत. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न आधी येतो, उत्तर मिळत नाही आणि माणूस पुढच्या चित्राकडे सरकतो. मोबाइलवर आधी फोटो काढला तरी तेच होतं. ‘आता घरी बघू’ असं मन ठरवून टाकतं, आणि घरी कोणी बघत नाही.

४. एक चित्र घेऊन हे करून दाखवाल का?

मिरोचं ‘डच इंटिरिअर १’ घ्या, १९२८ चं. ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. शिकायला ते सोयीचं, कारण त्याचं मूळही उपलब्ध आहे. मिरो त्या वर्षी हॉलंडला गेला आणि हेन्ड्रिक सोर्घ या डच चित्रकाराच्या १६६१ सालच्या चित्राचं पोस्टकार्ड घेऊन आला. सोर्घच्या चित्रात खोलीत ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवणारा माणूस आहे, टेबलाशी ऐकत बसलेली बाई आहे, कुत्रा आहे, मांजर आहे, खिडकीतून शहर दिसतं. दोन्ही चित्रं मोबाइलवर शेजारी शेजारी उघडा आणि चार प्रश्न लावा.

जागच्या जागी काय? खोलीची मांडणी. खिडकी, वादक, कुत्रा, मांजर साधारण जिथल्या तिथे आहेत. म्हणजे हा गोंधळ नव्हे, ठरवून केलेलं रूपांतर आहे. माप कशाचं बदललं? ल्यूट केवढी तरी फुगली आणि ऐकणारी बाई आक्रसली. वादकाचा चेहरा एक लाल तबकडी झाला आणि त्याची पांढरी कॉलर ढगासारखी पसरली. गाळलं काय? उजेड-सावली. सोर्घच्या खोलीत प्रकाश खिडकीतून येतो, मिरोच्या हिरव्या भिंतीवर आणि तपकिरी जमिनीवर तो कुठूनच येत नाही, रंग सपाट आहे.

आता नियम सांगता येतो. जे वाजतं ते मोठं, जे ऐकतं ते लहान. तुमचं वाक्य वेगळं होऊ शकतं, फक्त ते चित्रातल्या आकारांवरून आलेलं हवं.

५. ‘हे तर माझ्या पाच वर्षांच्या मुलीनेही काढलं असतं.’ यावर काय म्हणाल?

तुमच्या मुलीचं चित्र छान असेलच. फरक मोकळेपणात नाही, निवडीत आहे. लहान मूल हात मोठा काढतं, कारण त्या क्षणी हात महत्त्वाचा असतो. पुढच्या कागदावर ते विसरलेलं असतं. प्रश्न ४ मधल्या चित्रासाठी मिरोने आधी कितीतरी कच्ची रेखाटनं केली, चौकटी आखून आकार कॅनव्हासवर नेले. सहज दिसणारी ती वाकडी रेघ जागा ठरवून आली आहे.

घरी एक परीक्षा घेता येते. चित्राच्या प्रिंटवर एखादा ठिपका किंवा छोटा आकार कागदाच्या तुकड्याने झाका. सगळं चित्र एका बाजूला कलंडल्यासारखं वाटलं तर तो ठिपका वजन पेलत होता. पाच-सहा ठिकाणी झाकूनही काहीच फरक पडला नाही, तर तुमची शंका रास्त आहे (प्रश्न १४).

६. शिडी, डोळा, तारा, पक्षी यांचे अर्थ सांगणारा तक्ता मिळेल का?

मिळतो, पण वापरू नका. शिडी म्हणजे पलायन, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, असं लिहून ठेवलं की चित्र संपलं. त्यापेक्षा चिन्ह कुणाला चिकटलंय ते बघा. मिरोच्या ‘हार्लेक्विन्स कार्निव्हल’ (१९२४–२५) मध्ये शिडीला कान फुटला आहे. म्हणजे ती चढायची वस्तू राहिली नाही, ऐकणारं पात्र झाली. हे कुठल्या तक्त्यात सापडणार?

खरं तर मराठी माणसाला या खेळाची भाषा शिकवावी लागू नये. आपण हंड्याला पोट देतो, घागरीला गळा, कपाला कान, करवतीला दात, डोंगराला सोंड. तांबट आळीत भांडं ठोकणारा कारागीर दिवसभर पोट, गळा, बूड हेच शब्द वापरतो. चित्रकार ते शब्दशः घेतो एवढंच: घागरीच्या गळ्यात मंगळसूत्र घालतो, कपाच्या कानात डूल. वस्तूचं अंग झालेलं दिसलं की आधी मनात मराठी शब्द म्हणून बघा, पुष्कळदा चित्र तिथेच उघडतं. मिरो मराठी नव्हता, हे मान्य.

७. चित्राचं नाव आधी वाचावं की नंतर?

नंतर. बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकार रने मॅग्रिटच्या चित्रांची नावं तर बरेचदा त्याच्या मित्रांनी सुचवलेली असत, आणि ती चित्राचं स्पष्टीकरण ठरू नयेत याची काळजी घेतलेली असे. रवींद्रनाथ टागोरांनी आपल्या चित्रांना बहुतेक वेळा नावंच दिली नाहीत. नाव आणि चित्र जुळत नसेल तर ती चूक समजू नका, तो आणखी एक डाव आहे.

८. आपल्याकडे हे पूर्वीपासून आहेच की! कीर्तिमुख, नरसिंह, बोहाड्याचे मुखवटे. मग अतिवास्तववाद्यांनी नवीन काय केलं?

प्रश्न योग्य आहे, आणि ‘काहीच नाही’ व ‘सगळंच’ ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

देवळाच्या उंबरठ्यावर दिसणारं कीर्तिमुख घ्या. धड नाही, नुसता चेहरा, कारण कथेप्रमाणे त्याने स्वतःचं अंगच खाऊन टाकलं. कल्पना डालीलाही लाजवील अशी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातल्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या लोकोत्सवात, भल्यामोठ्या मुखवट्याखाली साधा माणूस संबळाच्या तालावर चालतो. मुखवटा देवाचा, पाय गावातल्या ओळखीच्या माणसाचे. मापाचा हा विजोड प्रश्न ४ मधल्या ल्यूटचाच भाऊ.

पण कीर्तिमुख कोण ते गावाला ठाऊक असतं. कथा आधी, आकार नंतर. मूर्तिकाराने त्याच्या कपाळावर चमचा लावला तर पुजारीच विचारील. अतिवास्तववादी चित्रात मागे अशी सामाईक कथा नसते. आकार आधी येतो आणि कथा पाहणाऱ्याला रचावी लागते. म्हणून पहिल्याचं पाहणं ओळखण्याचं असतं आणि दुसऱ्याचं चाचपडण्याचं. दोन्हींना एकाच मापाने मोजलं की परंपरेवरही अन्याय होतो आणि चित्रावरही.

रवींद्रनाथ या दोघांच्या मधे उभे दिसतात. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी जोडत जोडत त्यांनी पक्षी, श्वापदं, चेहरे काढले आणि १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पॅरिसमध्ये झालं. खोडाखोडीतून प्राणी निघणं हे ब्रताँच्या मंडळींना हवं होतं तेच, फक्त इथे ते जाहीरनाम्यावाचून झालं.

९. नाशिकमध्ये राहून डोळ्याला सराव कुठे द्यायचा?

पांडवलेण्यांपासून सुरू करा. क्रमांक ३ च्या लेण्याच्या ओसरीशी सहा धिप्पाड आकृती जमिनीतून अर्ध्या वर आल्यासारख्या कोरल्या आहेत, सगळ्या ओसरीचा भार जणू त्यांच्या खांद्यांवर. त्यांचे पाय कुठे असतील याचा विचार करा. गाळलेला भाग दिसलेल्या भागाला कसा जड करतो ते कळतं. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत, तेही बघा. चित्रवही आणि पेन्सिल न्या.

आधुनिक भारतीय चित्रांसाठी मुंबई गाठावी लागते. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन दोन्ही जवळ आहेत. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि तिथली प्रदर्शनं बदलत राहतात, म्हणून काय लागलंय ते आधी पाहून निघा. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचं एखादं चित्र समोर आलं तर वेळ राखून ठेवा. पान, किल्ली, घड्याळ अशा साध्या वस्तू ते मोकळ्या जागेत अशा ठेवतात की वस्तूच पात्रं होतात. माणूस काढलेला नसतो, तरी त्याची चाहूल लागते.

१०. मुलांबरोबर घरी करता येईल असं काही आहे का?

आहे, आणि ते खुद्द अतिवास्तववाद्यांचंच आहे. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये ते घडी घातलेल्या कागदावर आळीपाळीने लिहीत, मग काढू लागले. एका डावात ‘उत्तम प्रेत नवी दारू पिईल’ अशा अर्थाचं वाक्य जुळलं आणि ‘उत्तम प्रेत’ हेच खेळाचं नाव पडलं. मुलांना हे नाव फार आवडतं, आजीला सहसा नाही.

ए-फोर कागद उभा धरून चार पट्ट्यांत दुमडा, प्रत्येक पट्टी साधारण साडेसात सेंटिमीटरची. पहिल्याने डोकं आणि मान, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने कंबर ते गुडघे, चौथ्याने पाय. प्रत्येकाने आपल्या रेघा घडीच्या पलीकडे अर्धा सेंटिमीटर जाऊ द्यायच्या, म्हणजे पुढच्याला जोड कळतो आणि वरचं काही दिसत नाही. एकेकाला तीन-चार मिनिटं पुरतात. पेन वापरा. पेन्सिल दिली की खोडरबर येतो आणि मूल ‘नीट’ काढायला लागतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कागद पातळ असला तर वरचं आरपार दिसतं, म्हणून जाड कार्ट्रिज पेपर घ्या. आणि सगळ्यांनीच विनोदी काढायचं ठरवलं तर चित्र फिकं पडतं. चौघांपैकी एकाला ‘अगदी खरं काढ’ असं सांगा. खऱ्याखुऱ्या चपलेच्या वर किटलीचं धड आलं की दोन्ही खुलतात. उलगडल्यावर प्रश्न ३ मधले चार प्रश्न त्या चित्राला विचारा, आणि दोनच रंग वापरायची अट घालून रंगवा.

११. मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसते आहे. तिथे असं काढलं तर चालेल?

स्मरणचित्रात नको. तिथे आकृतीचं प्रमाण, हालचाल आणि मांडणी तपासतात. मुद्दाम लांबवलेला हात चुकलेला हात म्हणूनच मोजला जाण्याची शक्यता जास्त. संकल्पचित्रात आकार मोडायला थोडी मोकळीक असते. बाकी खेळ घरच्या वहीत.

१२. प्रिंट घेऊन दिवाणखान्यात लावायची आहे. काय बघावं?

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणा. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून १५–२० सेंटिमीटर जागा सोडा. चार महिने पाऊस खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या चिकटवा, हवा खेळती राहते आणि मागे बुरशी धरत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, छपाईतला लाल रंग आधी उतरतो. मूळ चित्राचं माप बघून त्याच्या जवळपासची प्रिंट घ्या. डालीचं वीतभर चित्र पाच फुटांचं केलं की त्याची जादू जाते.

१३. मिरोची आकृती टी-शर्टवर किंवा दुकानाच्या पाटीवर छापता येईल का?

परवानगीशिवाय नाही. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. मिरो १९८३ मध्ये गेला, म्हणजे २०४३ संपेपर्यंत थांबा. चित्रकार पाउल क्ले १९४० मध्ये वारला, त्याची चित्रं इथे खुली आहेत. ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा, १९९२ च्या दुरुस्तीने, ती ६० झाली.

१४. खरा खेळ कुठला आणि नुसती फेकाफेक कुठली, हे कसं ओळखायचं?

नियम शोधा (प्रश्न ४). चांगल्या चित्रात तो सापडतो, आणि बहुतेकदा एकाच जागी मोडलेलाही सापडतो. क्लेचं ‘सेनेसिओ’ (१९२२) बघा. गोल चेहरा, आत रंगीत चौकोन, सगळं कसं मोजून. आणि एक भुवई त्रिकोण होऊन वर चढलेली. ती तशी नसती तर उरली असती नुसती नक्षी. क्ले चळवळीचा सभासद नव्हता, पण १९२५ च्या तिच्या पहिल्या गटप्रदर्शनात त्याची चित्रं होती.

फसलेल्या चित्रात दोनपैकी एक होतं. सगळंच मोडलेलं असतं: तीन डोळे, पाच हात, मासा, घड्याळ, शिडी, चंद्र. खुंटीच नाही, म्हणून काही हललंय असंही वाटत नाही. किंवा एकच युक्ती वीस कॅनव्हासवर फिरते. हल्ली मोबाइलवर एआयने बनवलेली ‘स्वप्नचित्रं’ पहिल्या प्रकारात मोडतात. एकेक तपशील चमकतो, पण काहीच मुद्दाम गाळलेलं नसतं.

१५. काही चित्रांत बाईच्या शरीराची केलेली मोडतोड पाहून हसू येत नाही, राग येतो. आमचं पाहणं चुकतंय का?

चुकत नाही. चळवळीतल्या बऱ्याच पुरुषांनी स्त्रीला माणूस म्हणून नव्हे, स्वतःच्या स्वप्नातलं सामान म्हणून वापरलं, जर्मन कलाकार हान्स बेल्मरच्या तोडून जोडलेल्या बाहुल्या हे त्याचं टोक. इथेही प्रश्न ३ मधली खुंटी कामाला येते: मोडतोडीनंतर त्या आकृतीकडे नजर, हालचाल, मर्जी काही उरलंय का? मिरोची ल्यूट वाजवणारी तबकडी वाजवतच राहते. बेल्मरची बाहुली काहीच करू शकत नाही. लिओनोरा कॅरिंग्टन आणि रेमेदिओस वारो या अतिवास्तववादी स्त्री चित्रकारांची चित्रं शेजारी ठेवून पाहा. त्यांच्या बायकाही अर्ध्या पक्षी, अर्ध्या चाक असतात, पण कुठेतरी निघालेल्या असतात. मेक्सिकन चित्रकार फ्रिदा काहलोला ब्रताँने आपल्यात ओढलं खरं, ती स्वतःला अतिवास्तववादी म्हणवून घेत नव्हती.

१६. प्रदर्शनात चित्रकार शेजारीच बसलेले असतात. ‘हे काय काढलंय?’ असं विचारलं तर वाईट दिसतं का?

वाईट दिसत नाही, पण उत्तर हमखास गुळमुळीत येतं. हा प्रश्न त्यांनी दिवसात तीसदा ऐकलेला असतो. त्याऐवजी विचारा: ‘यात पहिल्यांदा काय काढलंत?’, ‘हा पाय आधी इथेच होता का?’, ‘थांबायचं कधी ठरवलंत?’ किंवा चित्राकडे बोट दाखवून सांगा की तुम्हाला तो खांदा आधी किटलीसारखा दिसला. बहुतेक जण खुर्चीवरून उठतात.